लंडनमध्ये हॅलोविनला भुताच्या जागा बघायच्यात? लाल बस पकडा! (नवीन आलेल्यांसाठी)

सप्टेंबरमध्ये शिकायला किंवा नोकरीला लंडनला आलेल्या आपल्या लोकांचं साधारण सारखंच असतं. पहिला महिना रूम, बँक अकाउंट, युनिव्हर्सिटीचं कार्ड यातच जातो, आणि मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि एकदम दुपारी साडेचारला दिवेलागण व्हायला लागते. मला पहिल्या वर्षी ते फार अंगावर आलं होतं, लायब्ररीतून बाहेर पडले तर मिट्ट काळोख आणि घड्याळात फक्त सव्वापाच. घरची आठवण नेमकी त्याच आठवड्यात सगळ्यात जास्त येते, आणि त्याच आठवड्यात येतो ३१ ऑक्टोबर म्हणजे हॅलोविन.

त्या वर्षी एकटी रूमवर बसण्यापेक्षा मी बसचं कार्ड घेऊन बाहेर पडले आणि भुताच्या गोष्टी असलेल्या जागा बघत फिरले. तेव्हापासून दरवर्षी जाते, आता नवीन आलेल्या पोरांना घेऊन जाते. दरवेळी तेच तेच सांगावं लागतं म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय.

आधी हॅलोविन म्हणजे काय ते दोन ओळीत. १ नोव्हेंबर हा ख्रिश्चन लोकांचा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा, आणि १ नोव्हेंबरची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. आपल्याकडे सर्वपित्रीला गेलेल्या माणसांची आठवण काढतात तोच धागा, फक्त इथे त्याला भोपळे, मुखवटे आणि चॉकलेटं चिकटलीत. हे डोक्यात ठेवलं की या जागांकडे बघायची नजर बदलते, कारण लंडनच्या बहुतेक भुतांच्या मागे खरं मेलेलं, बऱ्याचदा अन्यायाने मारलेलं माणूस आहे. भूत दिसतं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण माणूस होता हे नक्की.

पहिलं काम : कार्ड

लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, जुलै २०१४ पासून बंद आहेत, ड्रायव्हरला नाणी दाखवून काही उपयोग नाही. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड, फोन, नाहीतर ऑयस्टर कार्ड (पैसे भरून वापरायचं इथलं प्रवासाचं कार्ड), यातलं काहीही चालतं. पुढच्या दाराने चढायचं, पिवळ्या रीडरवर टच करायचं, आवाज आला की आत. उतरताना टच करायचं नसतं (ते ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, करायचं असतं, नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो).

मी हे लिहितेय तेव्हा एका बसप्रवासाला १.७५ पाउंड पडतात, अंतर कितीही असो. आणि खरी मजा पुढे आहे : पहिल्यांदा टच केल्यापासून एका तासाच्या आत तुम्ही पुढच्या कितीही बसमध्ये चढलात तरी परत पैसे जात नाहीत, याला हॉपर भाडं म्हणतात. दिवसभर बसने कितीही फिरलात तरी ५.२५ पाउंडाच्या वर कापले जात नाहीत, आणि तो दिवस मध्यरात्री संपत नाही, पहाटे साडेचारला संपतो, त्यामुळे रात्री एक वाजता परत येतानाची बस पण त्याच हिशोबात धरली जाते. निघायच्या आधी भाडं एकदा बघून घ्या, ते अधूनमधून बदलतं.

एकच गोष्ट पाळा, संपूर्ण दिवस एकच कार्ड किंवा एकच फोन वापरा. बँक अकाउंट तेच असलं तरी फोन आणि प्लास्टिकचं कार्ड ही मशीनला दोन वेगळी माणसं वाटतात. पहिल्या वर्षी मी सकाळी कार्ड वापरलं, दुपारी फोन, परत कार्ड, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर दोन्हीवर वेगवेगळे पैसे गेलेले.

स्टुडंट ऑयस्टर फोटोकार्ड असेल तर चांगलंच आहे पण त्याची ३० टक्के सूट आठवड्याच्या, महिन्याच्या पासवर मिळते, असं एकेका प्रवासाला टच केल्यावर नाही. फक्त या एका दिवसासाठी ते काढत बसू नका.

दुसरं काम : वेळ ठरवणं

इथे बऱ्याच जणांची चूक होते, सगळे रात्रीच निघायचं ठरवतात. पण टॉवर ऑफ लंडन हा जुना किल्ला, हायगेटची दफनभूमी, हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा या तिकिटाच्या जागा संध्याकाळीच बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी असतो. माझा हिशोब असा असतो की आत जायचं ते सकाळी किंवा दुपारी, आणि जे रस्त्यावरून, बाहेरून बघता येतं ते अंधार पडल्यावर. ३१ ऑक्टोबरला सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, म्हणजे "रात्रीचा" अनुभव तुम्हाला पाच वाजताच मिळतो, मध्यरात्रीपर्यंत थांबायची गरजच नाही. साडेआठ-नऊपर्यंत घरी पोचता येतं.

वार कुठला आहे तेही बघा. हॅलोविन शुक्रवार-शनिवारी आला तर रात्री दहानंतर सेंट्रल लंडनच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि निम्मे लोक प्यायलेले असतात. तेव्हा मी सरळ एक दिवस आधी जाते, जागा त्याच असतात आणि गर्दी निम्मी.

आणि हो, त्याच दिवसांत ५ नोव्हेंबरच्या गाय फॉक्सच्या रात्रीचे (पार्लमेंट उडवायचा जुना कट फसला त्याची आठवण) फटाके आठवडाभर आधीपासून वाजत असतात, कधीकधी दिवाळीचेही त्यात मिसळतात. कुठून धडाडधूम आलं तर घाबरू नका.

तिसरं काम : बस पकडायची कशी

हे अगदी बेसिक आहे पण कुणी सांगत नाही. प्रत्येक स्टॉपच्या खांबावर एक अक्षर असतं, मोठ्या चौकात एकाच नावाचे सात-आठ स्टॉप असतात आणि फक्त अक्षर वेगळं. अॅपमध्ये (टीएफएल गो किंवा सिटीमॅपर, दोन्ही चांगली) जे अक्षर दाखवतंय त्याच खांबापाशी उभं राहायचं. बस येताना दिसली की हात बाहेर काढायचा, आपल्याकडे एसटीला करतो तसा, नाहीतर ड्रायव्हर थांबेलच असं नाही. बसच्या कपाळावर शेवटच्या स्टॉपचं नाव असतं ते वाचा, नंबर बरोबर आणि दिशा उलटी असं मी स्वतः केलेलं आहे आणि हायगेटऐवजी ब्रेंट क्रॉसला पोचले होते.

चढलात की वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट रिकामी आहे का बघा. ट्यूबने गेलात तर तुम्ही एका भोकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर, मधलं शहर दिसतच नाही. बसच्या वरच्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या, जुन्या पाट्या, चर्चची आवारं, सगळं डोळ्याच्या रेषेत येतं. भुताच्या गोष्टी ज्या गल्ल्यांमध्ये घडल्या त्या एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत ते बसमधूनच कळतं.

आता रूट. मी चार देतेय पण एका दिवसात एक किंवा फार तर दोन करा.

१५ नंबर : हा पहिला करा

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे झाकून १५ नंबर सांगते. ट्रफाल्गर स्क्वेअरजवळ चेरिंग क्रॉसपासून निघते, स्ट्रँड, ऑल्डविच, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स, मॉन्युमेंट करत टॉवर ऑफ लंडनला जाते, पुढे ब्लॅकवॉलपर्यंत. ट्रॅफिक नसेल तर टॉवरपर्यंत अर्धा-पाऊण तास.

ऑल्डविचला उतरून दोन मिनिटं चाललं की थिएटर रॉयल ड्रुरी लेन. आत्ताची इमारत १८१२ ची आहे. इथलं भूत म्हणजे राखाडी कपड्यातला माणूस, त्रिकोणी टोपी, तलवार, वरच्या बाल्कनीतून चालत जातो आणि भिंतीत नाहीसा होतो. हा रात्री नाही तर दिवसा दिसतो असं म्हणतात, आणि तो दिसला की नाटक चालणार अशी नटमंडळींची श्रद्धा आहे. मला ही गोष्ट फार आवडते, आपल्याकडे पण रंगभूमीवरचे लोक तिसऱ्या घंटेआधी नटराजाला नमस्कार करतात, नाटकवाल्यांचं सगळीकडे असंच, भूत सुद्धा त्यांचं आपलं माणूस असतं.

परत १५ पकडा (तासाच्या आत असाल तर फुकट) आणि लडगेट सर्कसच्या आसपास उतरा. आता पुढचा तुकडा चालायचा आहे, साधारण पंधरा-वीस मिनिटं, आणि माझ्या मते अख्ख्या लंडनमधला हा सगळ्यात दाट तुकडा आहे.

लडगेट हिलवरून डावीकडे ओल्ड बेली नावाच्या रस्त्याला वळायचं. आज तिथे फौजदारी कोर्ट आहे, पण त्या जागी शेकडो वर्षं न्यूगेटचा तुरुंग होता, तो १९०२ मध्ये पाडायला घेतला आणि १९०७ ला नवं कोर्ट उघडलं. तुरुंगाच्या भिंतीवरून एक काळा कुत्रा फिरायचा अशी फार जुनी दंतकथा आहे. रस्त्याच्या वरच्या टोकाला सेंट सेपल्करचं चर्च आहे, ते उघडं असेल तर आत नक्की जा, काचेच्या पेटीत एक हातातली घंटा ठेवलेली आहे. उद्या ज्याला फाशी द्यायची त्याच्या कोठडीबाहेर आदल्या मध्यरात्री ती वाजवायचे. तिथे भुताची वेगळी गोष्ट लागत नाही, ती घंटा बघितली तरी पोटात खड्डा पडतो.

तिथून गिल्टस्पर स्ट्रीटने पुढे गेलं की डावीकडे कॉक लेन लागते. चिंचोळी गल्ली, बघायला काही नाही, पण १७६२ मध्ये अख्खं लंडन या गल्लीत लोटलं होतं. पार्सन्स नावाच्या माणसाच्या घरात भिंतीवर खरवडल्याचे, ठोकल्याचे आवाज यायचे आणि ते फॅनी नावाच्या मेलेल्या बाईचं भूत आहे, आपल्या माणसाने विष घालून मारलं असं ती सांगतेय, असं त्याचं म्हणणं. प्रकरण एवढं वाढलं की डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन, तोच डिक्शनरीवाला, चौकशी करणाऱ्या मंडळींमध्ये होता. शेवटी निघालं काय, तर पार्सन्सची लहान मुलगी लाकडाचा तुकडा लपवून आवाज काढत होती आणि मागे पैशाचं भांडण होतं. पार्सन्सला तुरुंग झाला. विचार करा, एका माणसावर खुनाचा आळ आणायला भूत वापरलं. आपल्याकडे गावागावात एखाद्या बाईला चेटकीण ठरवून जे होतं त्याच्याशी हे किती मिळतंजुळतं आहे. या गल्लीत मी दरवेळी थोडा वेळ थांबते आणि बरोबरच्यांना ही गोष्ट पूर्ण सांगते, कारण भुतावर विश्वास असो वा नसो, ही ऐकायलाच हवी.

गल्लीच्या कोपऱ्यावर वर बघा, भिंतीत एक सोनेरी गुबगुबीत पोरगा आहे. १६६६ ची लंडनची मोठी आग इथे येऊन थांबली त्याची ती खूण.

दोन मिनिटांवर स्मिथफील्ड. इथे हॉस्पिटलच्या भिंतीवर इंग्रजांविरुद्ध लढलेल्या स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसचं स्मारक आहे, २३ ऑगस्ट १३०५ ला त्याला इथे हालहाल करून मारलं. फुलं, स्कॉटिश झेंडे कायम ठेवलेले असतात. १५५० च्या दशकात कॅथलिक मेरी राणीच्या काळात प्रोटेस्टंट लोकांना इथेच जिवंत जाळलं. रात्री जळाल्याचा वास येतो, किंकाळ्या ऐकू येतात असं सांगतात. मला कधी काही आलं नाही, पण तिथे उभं राहून मोठ्याने हसावंसं पण कधी वाटलं नाही.

मागे फिरून सेंट पॉल्सच्या स्टॉपवर या, परत १५, आणि टॉवर हिलला उतरा.

टॉवर ऑफ लंडन आत जाऊन बघायचं असेल तर त्याला वेगळा अख्खा दिवस ठेवा. तिकीट महाग आहे, पण टॉवर हॅम्लेट्स बरोमध्ये (बरो म्हणजे लंडनचा पालिका विभाग) राहत असाल तर १ पाउंडात प्रवेश मिळतो, पत्त्याचा पुरावा काय लागतो ते आधी बघून जा. त्या भागात आपले कितीतरी विद्यार्थी राहतात आणि बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं!

इथलं सगळ्यात प्रसिद्ध भूत अॅन बोलिनचं, आठव्या हेन्रीची दुसरी राणी, १९ मे १५३६ ला तिचं डोकं आतल्या हिरवळीपाशी उडवलं आणि तिथल्याच छोट्या चर्चमध्ये पुरलं. ती डोकं काखेत घेऊन फिरते म्हणतात. पण मराठी माणसाला टॉवरमध्ये जी गोष्ट आत कुठेतरी लागते ती दोन राजपुत्रांची. १४८३ मध्ये बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड आणि त्याचा नऊ वर्षांचा भाऊ रिचर्ड यांना टॉवरमध्ये ठेवलं, सख्खा काका राज्यकारभार बघत होता, मग काका स्वतःच राजा झाला आणि पोरं परत कुणाला दिसली नाहीत. १६७४ मध्ये एका जिन्याखाली दोन लहान मुलांचे सांगाडे सापडले. ती हाडं त्यांचीच का, मारलं कुणी, यावर वाद अजून चालू आहे, पण हात धरून उभी असलेली दोन पोरं दिसतात ही गोष्ट चालत आली ती आलीच. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि "काका मला वाचवा" ही हाक अमावास्येला ऐकू येते असं आपण लहानपणापासून ऐकतो. सात हजार किलोमीटर लांब तीच गोष्ट, पुतणा आणि काका. मी पहिल्यांदा त्या बुरुजाखाली उभी होते तेव्हा मला पुण्याचा दिल्ली दरवाजाच डोळ्यासमोर आला.

आत जायचं नसेल तर अंधारात बाहेरून चक्कर मारा, पैसे लागत नाहीत, खंदकाच्या कडेने चालता येतं आणि दिव्यांत टॉवर फार सुंदर दिसतो. आणि रस्त्याच्या पलीकडे ट्रिनिटी स्क्वेअरच्या बागेत जायला विसरू नका, सगळे विसरतात. तिथे एक छोटा फरसबंद चौकोन आहे, जाहीर शिरच्छेद खरं तर तिथे व्हायचे. थॉमस मोर १५३५, थॉमस क्रॉमवेल १५४०, आणि शेवटचा लॉर्ड लोव्हॅट १७४७. नावं जमिनीवर लिहिलेली आहेत. मोबाईलच्या उजेडात ती वाचत बसणं हा माझा हॅलोविनचा सगळ्यात आवडता भाग आहे.

अजून ताकद असेल तर मॉन्युमेंटला उतरून लंडन ब्रिज चालत ओलांडा आणि रेडक्रॉस वेवरच्या क्रॉस बोन्सच्या फाटकापाशी जा. गरिबांची आणि वेश्यांची दफनभूमी, १८५३ मध्ये बंद केली, साधारण पंधरा हजार माणसं तिथे पुरली असावीत असा अंदाज आहे. लोखंडी फाटकावर लोकांनी रिबिनी, फुलं, चिठ्ठ्या बांधलेल्या असतात, आपण पाराला दोरा बांधतो तसं. जाताना एक रिबीन घेऊन जा.

२१० नंबर : दुपारी निघा

ही ब्रेंट क्रॉस ते फिन्सबरी पार्क. गोल्डर्स ग्रीनला बसा, हायगेटच्या दिशेने. हॅम्पस्टेड हीथच्या कडेने बस जाते आणि एका ठिकाणी रस्ता एकदम इतका अरुंद होतो की एका वेळी एकच गाडी जाते, एका बाजूला स्पॅनियर्ड्स इन नावाचा १५८५ पासूनचा पब आणि दुसऱ्या बाजूला जुनं टोलचं घर. वरच्या मजल्यावर पुढे बसलात तर वाटतं आता भिंतीला घासणार. डिक टर्पिन हा दरोडेखोर इथे यायचा अशी आख्यायिका आहे, त्याला ७ एप्रिल १७३९ ला यॉर्कला फाशी दिली, आणि त्याच्या घोडीच्या टापा रात्री इथे वाजतात म्हणतात. दारू पीत नसाल तरी पबमध्ये जाऊन कॉफी किंवा लेमोनेड घ्यायला काहीच हरकत नसते, कुणी विचारत नाही.

पुढे हायगेट व्हिलेजला उतरा. तिथे पाँड स्क्वेअर नावाचा शांत चौक आहे आणि तिथलं भूत कोंबडीचं आहे! फ्रान्सिस बेकन हा विचारवंत १६२६ मध्ये बर्फात मांस टिकतं का हे बघायला हायगेटला कोंबडीत बर्फ भरत होता, त्याला थंडी बाधली आणि त्यातच तो गेला, अशी कथा आहे. बेकन एप्रिल १६२६ मध्ये हायगेटलाच वारला हे खरं. कोंबडीची गोष्ट मागाहून लिहिलेली. पण अर्धी पिसं उपटलेली कोंबडी त्या चौकात गोल गोल धावते असं पिढ्यानपिढ्या सांगतायत. बरोबर लहान मुलं असतील तर ही जागा त्यांना फार आवडते.

तिथून वॉटरलो पार्कमधून उतारावर दहा मिनिटं चाललं की हायगेटची दफनभूमी, १८३९ ची. पूर्वेच्या भागात कार्ल मार्क्स आहे, पश्चिमेचा भाग जास्त जुना आणि झाडीने गच्च भरलेला. तिकीट आधी ऑनलाईन काढा. १९७० मध्ये इथे व्हॅम्पायर फिरतो अशी आवई उठली, टीव्हीवर आलं आणि शुक्रवार १३ मार्चच्या रात्री माणसांचा लोंढा फाटकं चढून आत घुसला. त्या काळात थडगी फोडली, प्रेतांची विटंबना झाली. म्हणून इथे गेल्यावर व्हॅम्पायर व्हॅम्पायर करत आरडाओरडा करू नका, मुखवटे घालून फोटो काढू नका. आजही तिथे दफन होतं, कुणाची तरी आई, कुणाचा तरी मुलगा तिथे नुकताच ठेवलेला असतो. आपल्या स्मशानात कुणी नाचायला आलं तर कसं वाटेल तेवढाच विचार करायचा.

स्वेन्स लेनचा चढ परत चढायचा जिवावर आलं तर खाली आर्चवेला चालत जा, तिथून बस भरपूर आहेत. अंधार पडल्यावर ती लेन फार सुनसान होते, एकट्या मुलीने तिथून जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

१११ नंबर : हौन्सलोवाल्यांसाठी

हीथ्रोहून हौन्सलो, हॅम्प्टन करत किंग्स्टनला जाते आणि हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यापाशी सोडते. हौन्सलोत राहत असाल तर सेंट्रलला जायचीच गरज नाही. इथे आठव्या हेन्रीची पाचवी राणी कॅथरिन हॉवर्ड पहारेकऱ्यांच्या हातून सुटून राजाला दयेची भीक मागायला किंचाळत धावली अशी कथा आहे, तिला फेब्रुवारी १५४२ मध्ये टॉवरला नेऊन मारलं. त्या कॉरिडॉरचं नावच हॉन्टेड गॅलरी आहे. तिथे काहींना एकदम गारठा जाणवतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी तिथे तपास केला होता आणि झाकलेल्या जुन्या दारांमधून येणारे वारे हे त्यातलं एक कारण निघालं. दिवसाच जा, आत नीट तीन तास लागतात.

बर्कली स्क्वेअरचं ५० नंबरचं घर सगळ्या यादीत पहिलं असतं, पण मी नेत नाही. बाहेरून साधं घर आहे, आत जाता येत नाही. पिकॅडिलीवरून ९ नंबरने जात असालच तर ग्रीन पार्कला उतरून पाच मिनिटात बघून या.

आणखी एक, सेंट्रलमध्ये काळ्या रंगाची डबल डेकर भुताची टूर पण असते, नटमंडळी आत गोष्टी सांगतात. त्याचं तिकीट वेगळं आणि बरंच जास्त, तुमचं ऑयस्टर तिथे चालत नाही.

बरोबर काय घ्यायचं, कसं वागायचं

पावसाचं जॅकेट हवंच, छत्री वाऱ्याने उलटी होते. मोजे जाड घाला, स्टॉपवर उभं राहून पाय गार पडतात. फोनची बॅटरी आणि पॉवर बँक, कारण कार्ड पण फोनमध्ये आणि नकाशा पण फोनमध्ये आणि तो बंद पडला की संपलं. पण फोन हातात धरून रस्त्याच्या कडेला उभं राहू नका, सायकल-मोपेडवरून येऊन हिसकावून नेतात, रस्ता बघायचा तर भिंतीकडे सरकून बघा. बसमध्ये दारूची उघडी बाटली चालत नाही, २००८ पासून बंदी आहे. वेशभूषा करून बसमध्ये बसायला काही हरकत नाही, लोक कौतुकच करतात, फक्त पूर्ण तोंड झाकणारा मुखवटा चढताना वर करा आणि खोटी शस्त्रं घरी ठेवा.

लहान मुलं दारोदार चॉकलेट मागत असतील तर ज्या घराबाहेर भोपळ्यात दिवा लावलेला आहे तिथेच जायचं, बाकी दारं वाजवायची नाहीत, हा इथला अलिखित नियम.

वरच्या मजल्यावर कुणी त्रास देत असेल तर खाली येऊन ड्रायव्हरजवळ उभं राहा. खरंच अडचण आली तर ९९९, हा इथला पोलीस-अॅम्ब्युलन्सचा तातडीचा नंबर. रात्री दिवसाचे बरेच नंबर बंद होतात, काही २४ तास असतात आणि काहींच्या जागी एन लावलेले येतात, म्हणजे १५ ऐवजी एन १५, आणि त्यांचा रस्ता दिवसाच्या बसपेक्षा वेगळा, लांबचा असू शकतो. परतीची बस निघायच्या आधीच बघून ठेवा.

शेवटी ७ नंबर

ही मी मुद्दाम शेवटाला ठेवते, कारण हिच्यात बसचंच भूत आहे. ईस्ट ॲक्टन ते ऑक्सफर्ड सर्कस जाते, लॅडब्रोक ग्रोव्ह स्टेशनपाशी उतरायचं आणि केंब्रिज गार्डन्स आणि सेंट मार्क्स रोडच्या चौकापर्यंत काही मिनिटं चालायचं. १९३४ मध्ये इथे एका गाडीवाल्याचा अपघाती मृत्यू झाला, आणि मग लोक सांगायला लागले की मध्यरात्रीनंतर एक लाल ७ नंबर, सगळे दिवे लागलेले पण आत ना ड्रायव्हर ना कुणी माणूस, रस्त्याच्या मधोमध भरधाव येते, गाडीवाला जीव वाचवायला बाजूला घेतो, आणि मागे बघावं तर बस नाही.

त्या कोपऱ्यावर तेव्हा समोरून येणारं काही दिसायचंच नाही, आंधळं वळण होतं, आधीही तिथे अपघात झालेले. पुढे ते वळण सुधारलं, समोरचा रस्ता दिसायला लागला आणि बस दिसायची बंद झाली असं सांगतात. आज तिथे पांढरी घरं, पार्क केलेल्या गाड्या आणि एक अगदी साधा चौक आहे. आम्ही तिथे पाच मिनिटं उभे राहतो, कुणीतरी ही गोष्ट पहिल्यापासून सांगतं, मग चालत लॅडब्रोक ग्रोव्हच्या स्टॉपवर येतो आणि ७ नंबर येताना दिसली की सगळे एकदम हात बाहेर काढतात.